न दुखणारी गाठ



व्याख्यानमालेत डॉक्टर बोलायला उभा राहिला की तो हृदयविकारावर बोलेल, मधुमेहावर बोलेल, फार तर कर्करोगावर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी ज्या दुखण्यांविषयी बोलणार आहे ती या मानाच्या पंगतीतली नव्हेत. त्यांची नावेही आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली नसतील. एकाचे नाव ॲक्टिनोमायकोसिस आणि दुसऱ्याचे मायसिटोमा. या दुसऱ्यालाच जगभर ‘मदुरा फूट’ म्हणजे मदुरेचा पाय म्हणतात. ही दुखणी विरळ आहेत हे खरे. पण ज्याला होतात त्याचा जबडा ती विद्रूप करतात, किंवा त्याचा पाय घेऊन जातात. आणि खेदाची गोष्ट अशी की, गेलेल्या पायांपैकी कित्येक वाचण्यासारखे असतात. ते का वाचत नाहीत आणि कसे वाचतील, एवढेच मला आज सांगायचे आहे.

वेदनेला आपण शत्रू समजतो. वास्तविक ती शरीराची राखणदार आहे. काखेत गळू झाले की दोन दिवसांत ठणका लागतो, ताप भरतो, झोप उडते आणि माणूस आपल्या पायांनी डॉक्टरकडे जातो. गळू फुटते किंवा फोडले जाते, आणि आठवड्याभरात सारे शांत होते. हे झाले तातडीचे दुखणे. पण काही जंतू असे आहेत की ते या राखणदाराला जागेच होऊ देत नाहीत. त्वचेखालची चरबी, स्नायू, स्नायूंना वेढणारे पडदे या शरीराच्या मऊ भागांत ते शिरतात आणि महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, संथपणे पसरत राहतात. गाठ येते, पण ठणकत नाही. सूज वाढते, पण ताप नाही. घरचे विचारतात, “दुखतंय का?” तो म्हणतो, “नाही बुवा.” मग घरचे म्हणतात, “दुखत नाही ना, मग राहू दे!” या ‘राहू दे’मध्येच सारा घात आहे.

आपल्या देशाला हे दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात ‘वल्मीक’ नावाचा एक रोग सांगितला आहे. वल्मीक म्हणजे वारूळ. तळहात, तळपाय, सांधे अशा ठिकाणी वारुळासारखी हळूहळू वाढणारी गाठ, तिला पडलेली अनेक तोंडे आणि त्यांतून होणारा स्राव, असे त्याचे वर्णन आहे. ज्याने मायसिटोमाचा पाय एकदा पाहिला आहे त्याला ही उपमा लगेच पटेल. वर उंचवटे, उंचवट्यांवर भोके, आणि आत एका भोकातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटा. हातापायांवरचे, पुष्कळ छिद्रांचे आणि सुजलेले वल्मीक वैद्याने हाती घेऊ नये, असेही सुश्रुताने बजावले आहे. म्हणजे रोग ओळखला होता, पण त्यापुढे हात टेकले होते. यानंतरची कित्येक शतके हात टेकण्यातच गेली.

आधुनिक वैद्यकाच्या दप्तरात हा रोग दाखल झाला तो १८४२ साली. मदुरेच्या दवाखान्यातील गिल नावाच्या डॉक्टरने त्याचे वर्णन केले, आणि पुढे १८४६ मध्ये कोलब्रुकच्या लेखणीतून मदुरेचे नाव या पायाला कायमचे चिकटले. पण रोगाचा खरा अभ्यास झाला तो आपल्या मुंबईत. हेन्री व्हँडाइक कार्टर हा तरुण इंग्रज डॉक्टर १८५८ साली मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हा शरीररचनेचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाला ग्रेचे नाव मिळाले, पण त्यातली चित्रे कार्टरने काढलेली होती. चित्रकाराची ही नजर घेऊन तो रुग्णालयातल्या कापून काढलेल्या पायांकडे पाहू लागला. पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणूनही त्याने काही वर्षे काढली. ‘मायसिटोमा’, म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव त्याचेच. आणि १८७४ साली या रोगावरचा त्याचा सचित्र ग्रंथही बाहेर पडला.

कार्टरच्या नजरेने टिपलेली एक गोष्ट आपण नीट ध्यानात ठेवू. या गाठीच्या भोकांतून नुसता पू येत नाही, पुवाबरोबर बारीक कण येतात. काही पायांतले कण काळे, बंदुकीच्या दारूसारखे असत. काहींतले फिकट, माशाच्या गाबोळीसारखे असत. कार्टरने दोन्ही पाहिले, दोहोंची चित्रे काढली, आणि ही एकाच रोगाची दोन रूपे मानली. पण रंगातला हा फरक केवळ रंगाचा नव्हता. त्याचा अर्थ कळायला आणखी वीस वर्षे लागली, आणि तो कळण्याची वाट युरोपातल्या गाईबैलांच्या जबड्यावरून गेली.

गाईबैलांच्या जबड्याला एक टणक, गाठाळ सूज येते. १८७७ साली म्युनिकच्या बोलिंजरने अशा गाठीतल्या पुवात पिवळसर कण पाहिले. ते त्याने हार्झ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली कणाच्या मध्यापासून चोहीकडे किरण फुटावेत तसे तंतू दिसले, म्हणून हार्झने त्याला ‘ॲक्टिनोमायसीस’, म्हणजे किरण-बुरशी, असे नाव दिले. पुढल्याच वर्षी बर्लिनच्या जेम्स इस्रायलने माणसांतले असेच रोगी जगापुढे मांडले. त्याच्या नावावरूनच माणसातल्या जंतूला आज ‘ॲक्टिनोमायसीस इस्रायली’ म्हणतात.

तेव्हा लोकांना वाटे की हा जंतू गवताच्या काडीवर असतो आणि काडी चघळणाऱ्याच्या तोंडात शिरतो. पुढे निराळेच निघाले. हा जंतू तुमच्या-माझ्या तोंडातच असतो! हिरड्यांच्या खाचांत, दातांवरच्या किटणात, आतड्यांत तो निमूटपणे राहतो. प्राणवायू त्याला सोसत नाही, म्हणून उघड्यावर त्याचे काही चालत नाही. पण दात किडून मुळापर्यंत गेला, दात काढताना जखम झाली, जबड्याला मार लागला, की इतर जंतूंच्या संगतीने तो खोल शिरतो. मग जबड्याखाली लाकडासारखी टणक सूज येते. सामान्य पू शरीरातल्या पडद्यांची मर्यादा पाळतो. हा जंतू ती पाळत नाही, सरळ आरपार जातो. काही आठवड्यांनी कातडी जांभळट होते, भोक पडते, पू येतो, भोक बुजते, आणि शेजारी दुसरे पडते. असाच प्रकार फुप्फुसात झाला तर क्षय वाटतो. अपेंडिक्स फुटल्यानंतर पोटात झाला तर कर्करोग वाटतो. गर्भनिरोधक साधन गर्भाशयात वर्षानुवर्षे तसेच राहिले तर क्वचित तिथेही हा जंतू उठाव करतो. एका माणसाकडून दुसऱ्याला मात्र हा रोग लागत नाही. तेव्हा घरच्यांनी रोग्याचे ताट-वाटी निराळे करण्याचे कारण नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हार्झने ‘किरण-बुरशी’ म्हटले खरे, पण ती बुरशी नव्हे. बुरशीसारखे फांद्या फुटणारे तंतू तिला असतात, एवढेच साम्य. हे तंतू जाडीला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक असतात. खऱ्या बुरशीचे त्याच्या कितीतरी पट जाड असतात. तिची अंतर्रचनाही जिवाणूचीच आहे. म्हणजे सोंग बुरशीचे आणि जात जिवाणूची! मदुरेच्या पायातही हाच घोळ होता. १८९४ साली अल्जीर्समध्ये व्हिन्सेंटने फिकट कणांच्या पायातला जंतू वेगळा काढला, आणि तोही या किरण-बुरशीच्याच गोत्रातला निघाला. कार्टरने ज्याला एक रोग म्हटले ते दोन रोग होते. एक खऱ्या बुरशीचा, दुसरा जिवाणूचा. चेहरा एक, गाव एक, पायही एकच. पण कुळे अगदी निराळी.

कोणी म्हणेल, या कुळशोधाचा रोग्याला काय उपयोग? उपयोग असा की, याच्यावर त्याचा पाय राहणार की जाणार हे ठरते. पेनिसिलिनसारखी किंवा सल्फा वर्गातली औषधे जिवाणूला मारतात, बुरशीच्या केसालाही धक्का लावत नाहीत. जबड्याच्या ॲक्टिनोमायकोसिसला पेनिसिलिन चांगले लागू पडते. जिवाणूच्या मायसिटोमाला पेनिसिलिन एकटे पुरत नाही; पण कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या आणि त्यांच्या जोडीला ॲमिकॅसिन किंवा जेंटामायसिनची इंजेक्शने, अशा उपचारांनी वारुळासारखा झालेला पाय महिन्यांच्या मुदतीत सपाट होऊ शकतो. ही इंजेक्शने देताना मूत्रपिंड आणि कान यांच्यावर नजर ठेवावी लागते, पण सुरी बहुधा लागत नाही. उलट काळ्या कणांचा, म्हणजे बुरशीचा, मायसिटोमा हट्टी असतो. इट्राकोनाझोलच्या गोळ्या वर्षभर किंवा त्याहून अधिक घ्याव्या लागतात, गाठ लहान असतानाच शस्त्रक्रियेने समूळ काढावी लागते, आणि तरी ती पुन्हा उगवते. काळा कण नेहमी बुरशीचाच असतो. लाल कण जिवाणूचा. पांढरा किंवा पिवळा मात्र दोहोंपैकी कोणाचाही असू शकतो. म्हणून गाठीचा तुकडा काढून तपासल्यावाचून आणि जंतू वाढवून पाहिल्यावाचून पाय कापण्याची भाषा कोणी करू नये.

या जिवाणूंचे भाईबंद आपल्याला परके नाहीत. चैत्र-वैशाखात वळवाची पहिली सर येते आणि मातीचा वास सुटतो. त्या वासातला मुख्य अंश याच गोत्रातले मातीतले जिवाणू तयार करतात. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली मिळाले तेही त्यांच्यापासूनच. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९६० च्या सुमारास डॉ. थिरुमलाचार यांनी बुरशीवरचे हॅमायसिन शोधले. ते ज्या जिवाणूने दिले त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गुंफलेले आहे. एकाच घराण्यात एक भाऊ औषध देतो आणि दुसरा पाय पोखरतो. माती वाईट नव्हे. बाभळीचा काटा अनवाणी पायात मोडतो आणि माती तिथे जाऊन बसते, ते वाईट.

हा काटा कोणाच्या पायात मोडतो? शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या, लाकूडफाटा आणणाऱ्या बाईच्या. बहुधा भर कमावत्या वयात. म्हणूनच या रोगाकडे जगाचे लक्ष उशिरा गेले. जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित रोगांच्या यादीत मायसिटोमाचे नाव घातले ते २०१६ साली, गिलच्या वर्णनानंतर पावणेदोनशे वर्षांनी. भारताइतकाच, किंबहुना अधिक, हा रोग सुदानात आहे. तिथे खार्टूम येथे १९९१ पासून या रोगाचे एक संशोधन केंद्र चालत असे. बुरशीच्या मायसिटोमावर फॉसरॅव्ह्युकोनाझोल या नव्या औषधाची पद्धतशीर चाचणी २०१७ मध्ये तिथेच सुरू झाली. हे औषध रोज न घेता आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. गरीब आणि दूरच्या रोग्याला ही सोय लहान नव्हे. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये त्या देशात युद्ध पेटले आणि त्यात ते केंद्र उद्ध्वस्त झाले. रोग मात्र युद्धासाठी थांबत नाही.

आता आपण नगरवासीयांनी काय करावे? आपल्यापैकी बहुतेकांच्या पायात वहाणा आहेत. पण आपल्या शेतावर राबणारा गडी आहे, गावाकडचा चुलता आहे, घरात दातांकडे दुर्लक्ष करणारे कोणीतरी आहेच. चार गोष्टी सांगतो. पहिली, जी गाठ दुखत नाही पण महिनाभरात जातही नाही, ती डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही हे ती निरुपद्रवी असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. ती गंडमाळ असेल, साधी चरबीची गाठ असेल, कर्करोगही असेल. ते तपासणीने ठरू द्या. दुसरी, गाठ फुटून वाहत असेल तर जखमेवरची पट्टी फेकण्याआधी तिच्याकडे पाहा. खसखशीएवढे कण दिसले तर त्यांचा रंग लक्षात ठेवा आणि ती पट्टी स्वच्छ डबीत घालून डॉक्टरकडे न्या. कधीकधी सगळ्या यंत्रांच्या आधी ही पट्टीच निदान सांगून जाते. तिसरी, दुकानातून पाच दिवसांच्या गोळ्या आणून घेऊ नका. त्या रोग मारत नाहीत, पण जंतूला दडवतात, आणि मग प्रयोगशाळेत काही उगवत नाही. चौथी, उपचार सुरू झाला की तो पुरा करा. ॲक्टिनोमायकोसिस खोलवर मुरला असेल तर सुरुवातीला काही आठवडे शिरेतून आणि पुढे सहा ते बारा महिने तोंडाने पेनिसिलिन द्यावे लागते. जंतू टणक वणांच्या तटबंदीत बसलेले असतात, तिथवर औषध पोचायला वेळ लागतो. भोक बुजले, सूज उतरली, की रोग्याला वाटते आपण बरे झालो. नेमक्या त्याच वेळी औषध सुटते आणि रोग परततो.

सभ्यहो, तातडीच्या दुखण्याशी लढायला धाडस लागते, या दुखण्यांशी लढायला चिकाटी लागते. जंतू धीराचा आहे. आपण त्याहून धीराचे झाले पाहिजे. सुश्रुताने जिथे वैद्याला माघार घ्यायला सांगितले, त्यातला निदान निम्मा मुलूख आज आपण जिंकला आहे. जिंकलेल्या मुलखातही पाय कापले जात असतील तर दोष औषधाचा नव्हे, उशिराचा आहे. आणि उशीर टाळणे हे एकट्या डॉक्टरचे काम नाही.