गोळी सोडू नका, रक्तातली चरबी तपासा

आज बचत आणि हप्ते बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे एचआयव्हीबरोबर जगणाऱ्या आपल्या बहिणींच्या हृदयाबद्दल. नाव ऐकून कुणी रेडिओचा आवाज बारीक केला असेल तर हरकत नाही, पण बंद करू नका.

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका गटातल्या ताईंनी महिनाभर गोळ्याच घेतल्या नाहीत. त्याआधी कित्येक वर्षं एक दिवस चुकवला नव्हता. झालं असं, की रक्ततपासणीत त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, आणि नात्यातल्या एकाने सांगितलं, "त्या गोळ्यांनीच चरबी वाढते. एक दिवस अटॅक येईल." ताई घाबरल्या आणि डबी फडताळात मागे सरकवली. बैठक संपून सगळ्या गेल्यावर त्यांनी आम्हाला हे सांगितलं. त्यांना विचारूनच इथे सांगतो आहोत, गाव मुद्दाम सांगत नाही.

त्या नातेवाइकाचं बोलणं पुरतं खोटं असतं तर बरं झालं असतं. ते अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं.

ठिबकच्या नळीत क्षार साठून पाणी कमी पडतं, हे आपण शेतात बघतो. रक्तवाहिनीत असाच थर चरबीचा बसतो. रिपोर्टवर एलडीएल लिहिलेलं असतं ती थर देणारी, एचडीएल ती उचलून नेणारी, आणि ट्रायग्लिसराइड ही तिसरी. ठिबकची नळी ॲसिड सोडून धुता येते, हृदयाच्या नळीचं तसं नाही. एचआयव्ही अंगात असला की शरीराची राखण करणाऱ्या पेशी रात्रंदिवस जाग्या राहतात. त्याने रक्तवाहिनीचं आतलं अस्तर सुजतं आणि त्यावर चरबी लवकर धरते. उपचार नसतील तर चांगली चरबी घटते, ट्रायग्लिसराइड वाढतं. गोळ्यांनी विषाणू दबतो, तरी थोडी सूज मागे राहते. म्हणून या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या दीडपट ते दुप्पट असतो.

आता गोळ्यांचं. आपल्याकडे सरकारी मोफत उपचार १ एप्रिल २००४ ला सुरू झाले. तेव्हा स्टॅव्हुडिन नावाचं औषध असायचं. त्याने गाल बसायचे, हातपाय वाळायचे, चरबीचे आकडे वाढायचे. लोकांच्या मनात अजून तीच भीती आहे, पण ते औषध कधीच मागे पडलं. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅविर यांची एकच गोळी मिळते. चरबीच्या बाबतीत ती बरीच सौम्य आहे, काहींचं वजन मात्र वाढतं. लोपिनाविर-रिटोनाविरसारख्या दुसऱ्या फळीच्या औषधांनी चरबी वाढू शकते, तेव्हा तपासणी चुकवू नये.

पण गोळी थांबवली तर हृदय वाचतं का? याचं उत्तर २००६ सालीच मिळालं. ५,४७२ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात काहींनी औषध अखंड घेतलं, काहींनी मधे मधे थांबवलं. थांबवणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि हृदयाचे त्रासही जास्त झाले. शेवटी तो थांबवण्याचा प्रकारच बंद करावा लागला. आमच्या ताईंना आम्ही एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दोघी जणी त्यांच्याबरोबर एआरटी केंद्रावर गेलो. गोळ्या परत सुरू झाल्या.

दुसरी चांगली बातमी २०२३ ची. भारतासह १२ देशांतल्या ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यात पिटाव्हास्टॅटिन ही चरबीची गोळी रोज घेणाऱ्यांत हृदयाचे गंभीर विकार ३५ टक्क्यांनी कमी दिसले. म्हणून चाळिशी ओलांडली असेल तर "मला ही गोळी लागेल का?" असं डॉक्टरांना विचारा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका. सिमव्हास्टॅटिन नावाची अशीच गोळी रिटोनाविरबरोबर घेतली तर स्नायू झिजून किडनीवर बेततं. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी चालू औषधांची चिठ्ठी दाखवा. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, तसा २०१७ चा कायदाच आहे.

खाण्याचं तुम्हाला आम्ही काय शिकवणार! भाकरी, हुलगे, मटकी, पालेभाजी हे घरचंच आहे. तेल माणशी महिन्याला अर्धा किलोच्या आत ठेवा आणि भज्यांचं उरलेलं तेल पुन्हा तापवू नका. पण एका गोष्टीवर आम्ही हट्टाने बोलणार, ती म्हणजे मिसरी. दात घासते, वाईट काय, असं म्हणणाऱ्या बायका आमच्या प्रत्येक गटात आहेत. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरडीतून रक्तात जाते आणि रक्तवाहिन्या आवळते. आधीच सुजलेल्या नळीला हा वरचा भार कशाला? एकदम सुटत नसेल तर सकाळची ठेवा, दुपारची आधी सोडा, मग सकाळचीही.

बायकांना हृदयाचा झटका नेहमी छातीत कळ येऊनच येतो असं नाही. दम लागणं, थंड घाम, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, विनाकारण गळून जाणं, असंही होतं. पित्त समजून सोडा पीत बसू नका, १०८ ला फोन करा.

चरबीची तपासणी बहुतेक ठिकाणी उपाशीपोटी होते. रात्री जेवून झालं की सकाळी रक्त देईपर्यंत चहासुद्धा नको, पाणी चालेल. दूरच्या गावाहून एसटीने जाणाऱ्यांनी भाकरी बांधून न्यावी, रक्त दिल्याबरोबर खाता येते. एआरटीच्या गोळीची वेळ त्या दिवशीही चुकवायची नाही. रिपोर्टचा कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी आकडा वाढला की घटला हे त्यावरूनच कळतं. आणि कुणाशी बोलायची सोय नसेल, तर १०९७ हा सरकारी फोन मोफत आहे.