थंडावलेलें वीजघर

नांदेडहून परभणीमार्गें लातुरास आगगाडीनें जातांना वाटेंत परळी वैजनाथ हें स्थानक लागतें. यात्रेकरूंस तेथील ज्योतिर्लिंग ठाऊक असतें, आणि इतर प्रवाशांस औष्णिक वीजकेंद्राचीं उंच धुराडीं.

या केंद्रांतील पहिले दोन संच, प्रत्येकीं ३० मेगावॅटचे, १९७१ व १९७२ सालीं सुरू झाले. आयुष्य सरल्यावर ते कायमचे बंद झाले, यांत नवल नाहीं; यंत्रालाहि म्हातारपण असतेंच. नवल घडलें तें २०१३ सालच्या फेब्रुवारींत. त्या वेळचे ११३० मेगावॅट क्षमतेचे पांचहि संच थांबवावे लागले आणि धडधाकट वीजघर निःशब्द झालें.

अशा वीजघरांतून कोणी फेरी मारली तर त्यास काय दिसेल? कोळशाचें आवार, कोळसा दळून त्याचें पीठ करणाऱ्या गिरण्या, कित्येक मजले उंच बॉयलर, वाफेच्या जोरानें फिरणारीं चक्रें आणि त्यांना जोडलेलें जनित्र. सर्व कांहीं जागच्या जागीं! मग उणें कशाचें?

उत्तर फेरीच्या अखेरीस, पाणी निवविण्याच्या मनोऱ्यांपाशीं मिळतें. चक्र फिरवून झालेल्या वाफेचें पुन्हां पाणी करावें लागतें; त्यासाठीं ती गार पाण्याच्या नळ्यांवरून नेतात. नळ्यांतील पाणी तापतें, तें मनोऱ्यांत शिंपडून निववितात, आणि दर खेपेस त्याचा कांहीं अंश हवेंत उडून जातो. ही तूट नदीनें भरावयाची असते. परळीस तें पाणी गोदावरीवरील खडका बंधाऱ्यांतून मिळे. नांदेडच्या घाटांवरून वाहणारी तीच ही गोदावरी. त्या वर्षींच्या दुष्काळांत बंधाऱ्यांतील पाणी सरलें, आणि केंद्र थंडावलें.

थोडा हिशेब करावा. २०१५ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें नियम केला कीं, असे मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांनीं एका युनिटमागें ३.५ लिटरांहून अधिक पाणी खर्चूं नये. या मापानें ११३० मेगावॅटचें केंद्र पूर्ण भारानें चालल्यास तासाला सुमारें ४० लक्ष लिटर पाणी पितें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास पाण्याची पहिली आगगाडी आली. तिच्यांत सुमारें ५ लक्ष लिटर पाणी होतें. ज्या पाण्याची एका शहरानें डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली, तें या केंद्रास आठ मिनिटेंहि पुरलें नसतें!

तेव्हां तहानलेल्या मुलखांत हंडा आधीं कीं दिवा आधीं? हंडा आधीं, असें कोणीहि म्हणेल. पण वीज गेली तर विहिरीवरचा पंपहि थांबतो. परळीचे नवे संच पुढें पुन्हां चालूं लागले, तरी हा पेंच सुटलेला नाहीं. उघडा राहिलेला नळ पाहून ज्या घरांत आरडाओरड होते, त्याच घरांत रिकाम्या खोलींतला पंखा रात्रभर फिरत असतो. दहा युनिटें वांचविलीं तर पस्तीस लिटर पाणी नदींत राहूं शकतें, हें ओळखावयास नदी आटण्याची वाट कशाला पाहावी?