खारें पाणी आणि गोडें पाणी

गोड्या पाण्यांतले मासे पाळून हात बसला, कीं समुद्री माशांची ओढ लागते. पेटी तीच राहते, पण माशाच्या देहाचा व्यवहार उलटा होतो. गोड्या पाण्यांतील माशाच्या अंगांत पाणी आपोआप शिरतें. तें तो सतत बाहेर टाकतो. समुद्री माशाच्या अंगांतलें पाणी निघून जातें, म्हणून तो समुद्राचेंच पाणी पितो व जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतो. पेटींत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार हवेत. पाणी आटतें, मीठ आटत नाहीं. तेव्हां भर घालावयाची ती गोड्या पाण्याचीच. खारें ओतीत गेल्यास क्षार वाढून मासे हकनाक मरतात. मोली मात्र दोन्हीं पाण्यांत नांदते. तिलाही पाणी बदलतांना कांहीं दिवस द्यावेत.