वाऱ्याचें विरजण



दूध विरजावयाचें तर कालच्या दह्याची कवडी लागते, हें आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतें. घरांतलें विरजण संपलें, तर शेजारीं वाटी घेऊन जावें लागतें. परंतु एखाद्या गृहिणीनें असें ठरविलें, कीं विरजण लावावयाचेंच नाहीं. दूध रात्रभर उघडें ठेवावयाचें आणि वाऱ्याबरोबर जें कांहीं येईल त्यावर भरंवसा ठेवावयाचा, तर आपण तिला काय म्हणूं? बेल्जियमची राजधानी ब्रूसेल्स येथें एक घराणें याच रीतीनें बिअर तयार करीत आलें आहे. त्या घराण्याची भट्टी पाहण्याचा आणि तेथील बिअर चाखून पाहण्याचा योग मला आला. त्याविषयीं आज चार गोष्टी आपणांस सांगावयाच्या आहेत. मद्यपानाची भलावण करावी, हा माझा हेतु नाहीं. एका जुन्या कसबाची ओळख करून द्यावी, एवढाच आहे.

ब्रूसेल्सच्या दक्षिणेकडील मोठ्या रेल्वे स्टेशनाजवळ अँडरलेक्ट नांवाचा भाग आहे. तेथील एका साध्या रस्त्यावर कांतियों घराण्याची ही भट्टी आहे. बाहेरून पाहणाऱ्यास ती एखादी जुनी वखार वाटावी. पोल कांतियों या गृहस्थानें १९०० सालीं येथें धंदा मांडला. प्रारंभीं तो स्वतः बिअर गाळीत नसे. दुसऱ्यांकडून ती घ्यावी, आपल्या पिंपांत मुरवावी आणि निरनिराळ्या पिंपांतील बिअर मिसळून विकावी, असा त्याचा क्रम होता. त्याच्या मुलांनीं पुढें यंत्रसामग्री विकत घेतली, आणि १९३८ पासून सर्व काम येथेंच होऊं लागलें. आज चवथी पिढी तें पाहात आहे.

या भट्टीचें वेगळेपण ध्यानांत येण्यासाठीं, बिअर सामान्यतः कशी होते तें थोडक्यांत पाहूं. जवाला मोड आणून ते वाळवितात व भरडतात. तो भरडा गरम पाण्यांत कालविला म्हणजे धान्यांतील पिष्टाची साखर होते. तें गोड पाणी गाळून घेऊन हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांसह उकळतात, निववितात, आणि मग त्यांत यीस्ट, म्हणजे किण्व, घालतात. हें किण्व साखर खातें व तिचा मद्यार्क आणि वायु करतें. एके काळीं हें किण्व कोठून येतें व कसें वागतें, याचा कोणालाच नीट पत्ता नव्हता. १८८३ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग कारखान्याच्या प्रयोगशाळेंत हॅन्सन या शास्त्रज्ञानें किण्वाची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढविण्याची पद्धति सिद्ध केली. तेव्हांपासून लगाम माणसाच्या हातीं आला. आज जगांतील बहुतेक बिअर अशा निवडलेल्या वाणाच्या किण्वानें होते, आणि म्हणूनच ती दर खेपेस एकसारखी उतरते.

कांतियों घराण्यानें हा लगाम हातीं घेतलाच नाहीं. त्यांच्या बिअरला लांबिक म्हणतात. तिच्यांत सुमारें दोन हिस्से मोड आणलेले जव आणि एक हिस्सा कच्चा गहूं असतो. हॉपचीं फुलें ताजीं न घेतां दोन-तीन वर्षें ठेवून जुनीं केलेलीं घेतात. त्यांचा कडूपणा बहुतेक गेलेला असतो, परंतु बिअर टिकविण्याचा गुण शिल्लक राहतो. कित्येक तास उकळल्यावर तें गोड पाणी माळ्यावर चढवितात. तेथें कौलांच्या खालीं तांब्याची एक भलीमोठी उथळ परात आहे. तिच्यांत सुमारें ७५०० लिटर कढत पाणी ओततात, भिंतींतील झडपा उघडतात, आणि सर्वजण घरीं जातात. रात्रभर वाफ वर जाते, थंड हवा आंत येते, आणि त्या हवेंतील व त्या वाशांवरील असंख्य सूक्ष्म जीव परातींत उतरतात. सकाळीं तें पाणी लांकडी पिंपांत भरतात. विरजण लावण्याचा सोहळा तो एवढाच.

त्या माळ्यावर मी पुष्कळ वेळ उभा होतों. पाहण्यासारखें असें तेथें फारसें कांहीं नाहीं. रिकामी परात, काळवंडलेले वासे आणि अंगाला झोंबणारी थंडी. छपराची दुरुस्ती निघाली तेव्हां जुन्या कौलांवर वसलेले जीव नाहींसे होऊं नयेत म्हणून तीं कौलें फेकून दिलीं नाहींत, असें तेथें सांगतात. खालच्या मजल्यावर पिंपांच्या रांगा आहेत आणि त्यांवर कोळ्यांचीं जाळीं आहेत. तीं कोणी झाडीत नाहीं. कारण उन्हाळ्यांत फळें आणि आंबट बिअर यांच्या वासानें चिलटें जमतात, व त्यांचा बंदोबस्त कोळी परस्पर करतात. आपल्या घरीं हा प्रकार चालला असता, तर वडील माणसांनीं आम्हांला आळशी ठरविलें असतें!

पिंपांत भरल्यावर कांहीं दिवसांनीं फेस उसळून पिंपाच्या तोंडावाटे बाहेर येतो. तो जोर ओसरला कीं बूच बसवितात. मग कामाला लागतात ते जीव सावकाश चालणारे असतात. कांहीं आंबटपणा आणतात. दुसरे, ज्यांना ब्रेटॅनोमायसिस असें नांव आहे, ते उरलेली साखर महिनोन्महिने थोडीथोडी खातात. हे जीव क्लॉसेन नांवाच्या शास्त्रज्ञानें इंग्लंडमधील बिअरमध्यें शोधून काढले आणि १९०४ सालीं त्यांचें वर्णन केलें. पुढें त्यांच्यांतील एका जातीला ब्रूसेल्स शहराचेंच नांव मिळालें. या सर्व कामाला तीन वर्षांपर्यंत अवधि लागतो. तेवढ्या काळांत लांकडांतून बरीचशी बिअर उडूनही जाते.

आतां चवीविषयीं. प्रथम त्यांनीं बाटलींत न भरलेली लांबिक दिली. तिला फेस नाहीं, बुडबुडे नाहींत. पहिल्या घोटाला ही बिअर आहे असें वाटतच नाहीं. कैरीच्या फोडीसारखा आंबटपणा, मागाहून जिभेवर राहणारा तुरटपणा, आणि पावसांत भिजलेल्या घोंगडीची आठवण करून देणारा वास. मीं पेला खालीं ठेवला. मग ग्यूझ आली. एक, दोन व तीन वर्षांची लांबिक मिसळून ही करतात. कोवळ्या लांबिकमध्यें साखर उरलेली असते, जुनीमध्यें चव मुरलेली असते; दोन्ही बाटलींत एकत्र कोंडल्या म्हणजे पुन्हां किण्वन होऊन बारीक फेस येतो. तोच आंबटपणा येथें हलका झाला होता, आणि आंवळा खाऊन पाणी प्यावें तशी मागाहून गोडी येत होती. तिसरी क्रीक. हिच्यांत आंबट चेरीचीं फळें महिनोन्महिने भिजत ठेवतात. लिटरमागें सुमारें २०० ग्रॅम. रंग कोकमाच्या सरबतासारखा, परंतु गोड मुळींच नाहीं. फळाची साखर जीवांनीं खाऊन टाकलेली. उरला तो रंग, वास आणि बियांचा किंचित् कडवटपणा. मद्यार्क या सर्वांत शेंकडा ५ च्या आसपासच असतो.

ग्यूझचा पेला हातीं असतांना माझ्या ध्यानांत आलें, कीं येथें माणूस कांहींच करीत नाहीं असें जें वरवर वाटतें, तें खरें नव्हे. कोणतींही दोन पिंपें एकसारखीं उतरत नाहींत. प्रत्येकाची चव घ्यावयाची, कोणतें आणखी थांबूं द्यावयाचें, कोणतें कोणाशीं जुळेल तें ठरवावयाचें, आणि जें बिघडलें तें टाकून द्यावयाचें. हें सारें जिभेच्या आणि स्मरणाच्या बळावर चालतें. निसर्गावर हुकूम चालवावयाचा नाहीं, परंतु त्यानें दिलें तें डोळे झांकून घ्यावयाचेंही नाहीं, असें हें कसब आहे.

या कसबावर संकटें आलीं तीं दोन प्रकारचीं. पहिलें लोकांच्या आवडीचें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लोक गोड पेयांकडे वळले, आणि ब्रूसेल्समधील आंबट बिअरच्या भट्ट्या एकामागून एक बंद पडल्या. कांतियों घराण्याचे जांवई झाँ-पिएर व्हान रॉय यांनीं १९७८ सालीं भट्टीचेंच वस्तुसंग्रहालय केलें व तिचीं दारें सर्वांना उघडीं ठेवलीं. लोक पाहावयास आले, चाखूं लागले, आणि हळूहळू जगभर तिचें नांव झालें. २०१६ सालीं युनेस्कोनें बेल्जियममधील बिअरची संस्कृति मानवजातीच्या वारशाच्या यादींत घेतली. आज या भट्टीला गिऱ्हाइकांची वाण नाहीं.

दुसरें संकट मात्र आवड बदलून टळण्यासारखें नाहीं. परातींतलें पाणी एका रात्रींत पुरेसें निवलें पाहिजे. हवा उबदार असली तर नको ते जीव माजतात. म्हणून हें काम साधारण ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलच्या प्रारंभापर्यंतच चालतें. २०१५ सालच्या नोव्हेंबरांत ब्रूसेल्सच्या रात्री इतक्या उबदार राहिल्या, कीं भट्टीला कांहीं काळ काम थांबवावें लागलें. यंत्रानें पाणी निववितां येईल; पण मग तें रात्रभर उघडें राहणार नाहीं, आणि जें यावयाचें तें त्यांत येणार नाहीं. गिऱ्हाइकें परत मिळवितां आलीं. थंड रात्र कोणत्या बाजारांतून आणावी?

हवा तापत चालल्याची वार्ता आपण आंकड्यांत ऐकतों आणि विसरतों. तिचा अर्थ मला त्या माळ्यावर नीट कळला. पदार्थाची कृति लिहून ठेवतां येते, पिंपें जपतां येतात, कौलेंसुद्धां राखतां येतात. परंतु ज्या पदार्थाचा अर्धा भाग त्या गांवच्या ऋतूनें घडविलेला असतो, तो ऋतु बदलला तर कृति जशीच्या तशी राहूनही पदार्थ नाहींसा होतो. आपल्याकडेही उन्हाच्या, पावसाच्या आणि थंडीच्या भरंवशावर घडणाऱ्या गोष्टी स्वयंपाकघरांत व शेतांत थोड्याथोडक्या नाहींत. त्यांपैकीं कोणत्या आपण केवळ आपल्याच हातच्या समजत आलों आहों, याचा विचार ज्याचा त्यानें आपल्या घरीं करून पाहावा.