भीतीसकट जेवावं लागतं

आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

आज तुम्हाला विद्यार्थी न म्हणता मुद्दाम सहकारी म्हणते आहे. उद्यापासून आपण एकाच वॉर्डात उभे असू.

दीक्षान्त समारंभात पाहुण्याने ‘बदलाला घाबरू नका’ असं सांगायची प्रथा आहे. मी मनोविकारतज्ज्ञ आहे. ज्या आजाराच्या रुग्णांसोबत मी बराच काळ घालवला, त्यात हा सल्ला सगळ्यात निरुपयोगी ठरतो. तो आजार म्हणजे खाण्याचे विकार. रुग्ण बरी होऊ शकते, उपचार आहेत, घरचे जिवाचं रान करताहेत, आणि तरी ती पाऊल उचलत नाही, कारण बरं होणं हाच तिला सगळ्यात भयंकर बदल वाटतो. आज त्या भीतीविषयी बोलते. ही ख्रिस्ती संस्था आहे आणि मीही श्रद्धावान आहे, तेव्हा त्या भीतीपुढे श्रद्धा काय करू शकते आणि काय करू शकत नाही, तेही बोलते.

हा आजार नवा नाही. १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी स्वतःला उपाशी ठेवण्याच्या विकारासाठी ‘ॲनोरेक्सिया’ हे नाव वापरलं; त्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग यांनी असेच रुग्ण वर्णिले. बुलिमियाचं, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटी करून काढण्याच्या विकाराचं, वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केलं. आपल्याकडे अजूनही या विकारांना ‘मोठ्या शहरातल्या पैसेवाल्या मुलींचं खूळ’ म्हणून उडवून लावतात. पण मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांपैकी ॲनोरेक्सिया एक आहे, आणि तो मुलग्यांनाही होतो. तो तुमच्यासमोर आपल्या नावाने येणार नाही. ‘ॲसिडिटी आहे’, ‘पाळी येत नाही’, ‘चक्कर येऊन पडली’, ‘केस फार गळतात’ अशी कारणं सांगत ओपीडीत येईल. बीपी घेताना तो थंडगार हात सर्वांत आधी तुमच्या हातात असेल.

वॉर्डातलं दुपारचं जेवण डोळ्यांसमोर आणा. खणांचं स्टीलचं ताट. दोन पोळ्या, वरण-भात, भोपळ्याची भाजी, वाटीभर दही. समोरची मुलगी पोळीवरचं तूप बोटाने निपटून ताटाच्या कडेला लावते. पोळीचे नखाएवढे तुकडे करते. भाजी या खणातून त्या खणात सरकवते. दह्याला हात लावत नाही. वीस मिनिटं झाली, ताट तसंच आहे आणि कपाळावर घाम आहे. बघणाऱ्याला हे नखरे वाटतात. पण तुमच्या-माझ्या पायाशी साप निघाला तर जे होईल, ते तिला त्या पोळीसमोर होत असतं.

ती नक्की कशाला घाबरते? वजन वाढेल ही भीती तर आहेच. तिच्या खाली आणखी भीती दडलेल्या असतात. आजाराने तिचा दिवस आखून दिलेला असतो: काय खायचं नाही, किती चालायचं, कधी आरशासमोर उभं राहायचं. ते गेलं तर दिवस कशाने भरायचा? बारीक असणं हीच ओळख झाली असेल तर त्यापलीकडे मी कोण? माझ्या आजारपणामुळे आई-बाबांची भांडणं थांबली आहेत, मी बरी झाले की पुन्हा सुरू होतील का? आणि बरी झाले तर सगळे म्हणतील, ‘झालीस ना आता धडधाकट’, मग कोण विचारणार मला? आजार तिला छळतो आणि सांभाळतोही. त्यामुळेच तो सोडताना ती रडते.

ही भीती आणखी समजायला आता एक प्रयोग सांगते. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण निवडले. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे शिकायचं होतं. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे होते. त्यांतले बरेच ब्रेदरन, क्वेकर, मेनोनाइट अशा शांततावादी ख्रिस्ती मंडळ्यांतले होते. दुसऱ्यांची भूक भागावी म्हणून त्यांनी स्वतः उपाशी राहायचं पत्करलं. २४ आठवडे त्यांना इतकं कमी अन्न दिलं की वजन सुमारे एक चतुर्थांश घटावं.

झालं असं, की मनाने खणखणीत असलेली ही माणसं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली. एकेक जेवण लांबवू लागली, ताटातलं अन्न कालवत, खेळवत राहिली. मित्र, विनोद, पुढचे बेत सगळ्यांतला रस गेला. चिडचिड आणि उदासी आली. पुन्हा पुरेसं अन्न सुरू झालं तेव्हा मनं लगेच फुलली नाहीत. सावरायला सगळ्यांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

या तरुणांना लठ्ठपणाची भीती नव्हती, तेव्हा ॲनोरेक्सिया म्हणजे निव्वळ उपासमार असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट हा प्रयोग स्वच्छ दाखवतो. आपण ज्याला रुग्णाचा हट्ट आणि घुमेपणा म्हणतो, त्यातला मोठा भाग भुकेल्या मेंदूचा असतो. उपाशी मेंदू ताठर होतो, त्याला कुठलाही बदल पेलत नाही. मग ‘आधी भीती जाऊ दे, मग मी जेवेन’ हा हिशेब कधीच जुळायचा नाही, कारण ती भीती ओसरायला आधी अन्न लागतं. सुरुवातीला जेवल्यावर पोट फुगतं, पाय सुजू शकतात, मन जास्तच बिथरतं. म्हणजे ज्या वाटेने बरं व्हायचं, तिचा पहिला टप्पाच चुकीची वाट घेतल्यासारखा वाटतो. या आजारात भीती जाण्याची वाट पाहून चालत नाही. भीतीसकट जेवावं लागतं.

आणि इथे श्रद्धेचं काम सुरू होतं.

पवित्र शास्त्रातली मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे. समुद्र ओलांडला, गुलामी संपली. आणि पुढे रानात त्यांना आठवण कशाची यावी? मिसरातल्या मासळीची, काकड्यांची, खरबुजांची, कांद्या-लसणाची. चाबूक विसरले, कांदे आठवले. माझ्या रुग्णांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. गुलामगिरीतही एक ठरलेपण असतं आणि मोकळ्या रानात ते नसतं, हे त्या रोज अनुभवतात. देवाने त्या लोकांना पुढच्या चाळीस वर्षांचा नकाशा दिला नाही. त्या दिवसापुरतं मान्ना नावाचं अन्न दिलं. उद्यासाठी लपवून ठेवलेल्यात किडे पडले; शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दोन दिवसांचं गोळा करायची मुभा होती. ज्याने जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही, ज्याने कमी केलं त्याला उणं पडलं नाही.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकरीची मागणी आजच्या दिवसापुरतीच आहे. खाण्याच्या विकारातून बाहेर येणाऱ्या माणसाला याहून व्यवहारी धडा कुठला? वर्षभराने मी कशी दिसेन याचं उत्तर आज द्यायचं नाही. दुपारचं ताट आज संपवायचं, एवढंच. उपचारांतही आम्ही हेच करतो: ठरलेल्या वेळी जेवण, मधल्या वेळचं ठरलेलं खाणं, आणि पुढचं पुढच्या जेवणाला.

श्रद्धेकडून दुसरी गोष्ट मिळते ती कृपा. हा आजार सतत सांगत असतो की अन्न कमवावं लागतं. चाललीस का? मग खा. मार्क पडले का? मग खा. नाही? मग तुझा हक्क नाही. आता उधळ्या पुत्राचा दाखला आठवा. तो घरी येताना बोलणं घोकूनच आला होता: मला मुलगा म्हणू नका, मजूर म्हणून ठेवा. म्हणजे जेवण मिळवायचं ते कमवून, असाच त्याचा बेत होता. बापाने त्याचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही आणि पंगत मांडायला सांगितली. लायकी आधी सिद्ध कर आणि मग ताटावर बस, ही अट त्या घरात नव्हती. आपलं मोल काट्यावरच्या आकड्याने ठरत नाही, हे कोणी रुग्णाला शंभरदा सांगितलं तरी पटत नाही. पण देवाने आपल्याला अट न घालता स्वीकारलं आहे, हे ज्याच्या मनात एकदा उतरलं, त्याला उलटी करून झाल्यावरसुद्धा रात्री सिस्टरला हाक मारून ‘आज पुन्हा झालं’ असं सांगता येतं. खरं सांगण्याचं हे बळ उपचाराचा अर्धा भार उचलतं.

पण श्रद्धेच्या नावाने होणारी इजाही मी पाहिली आहे, आणि ख्रिस्ती व्यासपीठावरून ती लपवणं बरं नाही. ‘तुझी प्रार्थना कमी पडते’ हे वाक्य रुग्णाच्या खांद्यावर आजाराच्या जोडीला अपराधीपणाचं ओझं टाकतं. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, चाळीस दिवस या आजाराला सोयीचा पडदा पुरवतात. उपास म्हटलं की कोणी प्रश्न विचारत नाही. सिएनाची संत कॅथरीन १३८० मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी गेली. शेवटच्या काळात तिचं अन्न जवळजवळ सुटलं होतं. ते वैराग्य होतं की आजार, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण तिला खायला सांगणाऱ्यांत तिच्या आसपासचे धर्मगुरूही होते, हे विसरू नका. आजही कॅथलिक मंडळीत राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपास असतो, त्यातून आजारी माणसाला सूट आहे. ज्या मुलीला हा विकार आहे, तिच्यासाठी त्या दिवशी पोटभर जेवणं हाच त्याग आहे, असं तिच्या पाळकाने किंवा फादरने तिला स्वतः सांगावं. एकादशी, चतुर्थी, रोजे पाळणाऱ्या घरांतल्या रुग्णांबाबतही हीच काळजी घ्या. त्यांच्या श्रद्धेचा मान राखूनच घ्या.

मग तुमचं काम काय? एलियाची गोष्ट आठवते ना? एवढा मोठा संदेष्टा जीव वाचवायला रानात पळाला, झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूत आला. त्याने उपदेश केला नाही, विश्वास उणा पडल्याबद्दल झापलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा उशाशी ठेवला आणि ऊठ, खा, म्हणाला. एलिया जेवला आणि पुन्हा आडवा झाला. देवदूत दुसऱ्यांदा आला आणि तेच केलं. मला विचाराल तर शास्त्रातली ही उत्तम नर्सिंग नोट आहे. एकदा नाही म्हटलं म्हणून ताट उचलायचं नाही. पुढच्या वेळी पुन्हा ठेवायचं.

आणि भाकर ठेवतानाही डोळे उघडे ठेवायचे. दीर्घ उपासमारीनंतर अन्न वेगाने सुरू केलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरतं, हृदयाची लय बिघडू शकते, प्रसंगी माणूस दगावतो. रीफीडिंग सिंड्रोमचं प्रकरण तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलंत. आता ते कुणाच्या तरी मुलीसाठी लक्षात ठेवा. थायमिन दिलंय ना, रिपोर्ट आले का, नाडी काय म्हणते, सूज आहे का. प्रार्थना जरूर करा, पण ईसीजी काढून झाल्यावर, आणि रुग्णाला हवी असेल तर. तिच्या आई-वडिलांना दोष देऊ नका. किशोरवयीन रुग्णांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून पुढे आलेली उपचारपद्धती तर आई-वडिलांनाच जेवणाची सूत्रं हाती घ्यायला शिकवते.

रविवारच्या उपासनेनंतर मंडळीच्या दारात आपल्या बायका प्रेमाने काय म्हणतात? ‘अगं, किती छान भरलीस!’ महिनोन् महिने झगडून चार घास वाढवलेल्या मुलीचा पुढचा आठवडा या एका वाक्याने वाया जातो. तुमच्या मंडळीत हे तुम्ही थांबवा. शरीरावर शेरा नको. ‘तू आलीस, बरं वाटलं’ एवढं पुरे. शब्दांपलीकडेही मंडळीला काही करता येतं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात अन्नाला मोताद झालेल्या मुली केडगावला आणल्या, तेव्हा त्यांच्या श्रद्धेला आधी विहीर आणि स्वयंपाकघर लागलं. मराठी ख्रिस्ती मंडळीचा हा वारसा आहे. तो पुढे चालवायला मंडळीच्या जेवणात या मुलीच्या शेजारी बसून आपण शांतपणे जेवत राहायचं आणि तिच्या ताटाकडे टक लावून बघायचं नाही.

आता तुमच्याविषयी थोडं. तुमच्यापैकी कोणी मुंबईला जाईल, कोणी आखाती देशात, कोणी आपल्याच तालुक्याच्या रुग्णालयात. रात्रपाळ्या येतील, जेवणाच्या वेळा मोडतील. या पदवीधरांतही कोणीतरी हाच आजार गुपचूप वागवत असण्याची शक्यता आहे. ती व्यक्ती तुम्ही असाल तर ऐका: नर्सला रुग्ण व्हायची परवानगी आहे. विश्वासातल्या एका माणसाला आणि एका डॉक्टरला या आठवड्यात सांगा. कोणीच सापडलं नाही तर १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर रात्रीसुद्धा बोलता येतं. कबुली दिल्याने तुमची पदवी कमी होत नाही आणि देवाच्या नजरेतली तुमची जागाही नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात येशू याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला मरणातून उठवतो. तिथे असलेले थक्क होऊन बघत असतात. अशा वेळी तो घरच्यांना सांगतो की तिला काहीतरी खायला द्या. चमत्कार झाल्यावरही जेवण वाढायचं काम माणसांनाच करायचं होतं. आज ते काम तुमच्या हाती येतं आहे. रुग्णाची भीती जाईपर्यंत थांबू नका, तिला भित्री म्हणू नका. खुर्ची ओढा, तिच्या शेजारी बसा, आणि पुढच्या जेवणालाही या.

तुम्हा सर्वांचं आणि तुमच्या आई-वडिलांचं मनापासून अभिनंदन. देव तुमच्या हातांना बळ देवो.