दार उघडं, नंबर ३३८९

इअरफोन लावलेत ना? आजचा भाग माझ्याच एका चुकीबद्दल आहे.

मार्च २०२०. लॉकडाऊन लागणार अशी कुणकुण होती. माझ्या मामाचं अकाउंटिंगचं छोटं ऑफिस आहे. चार माणसं, एक मुख्य कॉम्प्युटर आणि त्यावर सगळ्या क्लायंटचा टॅलीचा डेटा. मामाचा फोन आला, "अरे, घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवता येईल असं काहीतरी करून दे ना."

मी एक व्हिडिओ बघितला आणि अर्ध्या तासात काम उरकलं. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप सुरू केला. तो सुरू केला की विंडोजची फायरवॉल ३३८९ या पोर्टला आपोआप वाट देते. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून ३३८९ वर जो येईल त्याला थेट या कॉम्प्युटरकडे पाठवायचं. मामा घरून टॅली चालवायला लागला. मी हिरो!

आता मी नेमकं काय केलं होतं ते बघा. आयपी म्हणजे सोसायटीचा पत्ता, पोर्ट म्हणजे तिथलं एकेक दार. राउटर आणि फायरवॉल हे दोन वॉचमन. मी दोघांनाही सांगून ठेवलं होतं, "३३८९ वर कोणीही आलं तरी सोडा." 'फक्त मामाला सोडा' हे सांगायचं राहूनच गेलं.

मला वाटायचं, एवढ्याशा ऑफिसकडे कोण बघतंय? पण तिथे माणूस बघतच नसतो, प्रोग्रॅम बघतो. एका पोर्टसाठी सगळं आयपीव्ही४ इंटरनेट चाळायला तासभरही लागत नाही, हे झीमॅप नावाच्या टूलनं २०१३ मध्येच दाखवलं होतं.

जूनमधल्या एका सोमवारी मामाचा फोन आला. एकही फाइल उघडेना. सगळ्यांच्या नावापुढे काहीतरी विचित्र शेपूट आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडलेलीच असायची, त्यामुळे तीही गेली. मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन, अशा हजारो ओळी. शेवटी मध्यरात्रीची एक ४६२४. म्हणजे लॉगिन यशस्वी. पासवर्ड होता ऑफिसचं नाव आणि पुढे १२३.

वाचला तो फक्त एक पेनड्राइव्ह. ऑफिसमधल्या ताईंनी मार्चमध्ये त्यात कॉपी घेऊन ठेवली होती. पुढच्या सगळ्या एन्ट्र्या बिलं समोर घेऊन पुन्हा केल्या. मामा मला एक शब्दही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

मग काय करायचं? पहिलं म्हणजे राउटरमधलं ३३८९ चं फॉरवर्डिंग काढून टाका. नुसता नंबर बदलून ३३९० केला तर दाराची पाटी बदलते, दार उघडंच राहतं. त्याऐवजी आधी व्हीपीएन आणि त्याच्या आत रिमोट डेस्कटॉप. वायरगार्ड यूडीपीवर चालतं, सहसा ५१८२० या पोर्टवर (ते बदलताही येतं), आणि ज्याच्याकडे चावी नाही त्याला उत्तरच देत नाही. चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

मग विंडोज फायरवॉलच्या इनबाउंड रूल्समध्ये रिमोट डेस्कटॉपचे नियम उघडा. स्कोपमध्ये, रिमोट आयपीखाली, फक्त व्हीपीएनचे पत्ते टाका. पण हे ऑफिसात बसून करा हं! घरून करताना एक आकडा चुकला, तर बसलेली फांदीच तोडाल.

अपडेट टाळू नका. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधलं ब्लूकीप नावाचं भोक एवढं गंभीर होतं, की मायक्रोसॉफ्टनं केव्हाच बंद केलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढला. त्यातून शिरायला पासवर्डही लागत नव्हता. आणि बॅकअपची डिस्क, कॉपी झाली की काढून कपाटात!

शेवटी एक चाचणी, तुमच्या फोनवरच. वायफाय बंद, व्हीपीएन बंद, मोबाइल डेटा चालू. रिमोट डेस्कटॉपच्या ॲपमध्ये ऑफिसचा पब्लिक आयपी टाका. पासवर्ड विचारला, तर दार जगाला उघडं आहे. आजच बंद करा.

आणि हो, ज्यांना कोणाला तुम्ही असं काही 'करून दिलंय', त्यांना आज एक फोन करा. मी केला नव्हता.

भेटू पुढच्या भागात!