आइसलँडचा घोडा, चिलटाएवढी माशी आणि झूल



जीवदयेचा विषय निघाला की गाय, बैल, कबुतर यांचे स्मरण प्रथम होते. घोडा सहसा मागे राहतो, कारण तो श्रीमंतांचा, शर्यतीचा किंवा वरातीचा प्राणी अशी सर्वसाधारण समजूत असते. आजचे विवेचन त्या घोड्याच्या एका दुःखाविषयी आहे आणि त्या दुःखाचे नाव ऐकताना क्षुल्लक वाटेल. ते नाव म्हणजे खाज. परंतु ज्याला हात नाहीत त्या मुक्या जिवाची खाज क्षुल्लक नसते. तो आयाळ आणि शेपटीचा बुंधा कुंपणाच्या खांबावर, झाडाच्या खोडावर, तबेल्याच्या दारावर तासन्‌तास घासतो. केस झडतात, कातडी सोलली जाते, रक्त येते, जखमेवर दुसऱ्या माश्या बसतात, आणि वर्षानुवर्षे असे चालले की मानेवरची कातडी जाड होऊन तिला घड्या पडतात. चरण्यात व विश्रांतीत त्याचे लक्ष लागत नाही, वजन घटते. युरोपात काही घोड्यांना या यातनेपायी अखेर औषध देऊन मारावे लागले आहे, यावरून तिची तीव्रता ध्यानात येईल.

इंग्रजीत या विकाराला ‘स्वीट इच’ म्हणतात. नाव गोड असले तरी त्यात गोडवा काहीच नाही. जर्मनीत त्याला उन्हाळी एक्झिमा म्हणतात आणि आइसलँडमध्येही त्याच अर्थाचे नाव आहे. मात्र गंमत अशी की ज्या आइसलँडच्या घोड्यांमुळे हा विकार सर्वाधिक चर्चिला गेला, त्या आइसलँडमध्ये तो होतच नसे.

त्याची हकिकत अशी. नवव्या-दहाव्या शतकात नॉर्वेकडून आलेल्या वसाहतकारांनी आपल्या उघड्या नौकांतून घोडे आइसलँड बेटावर नेले. त्यानंतर सुमारे हजार वर्षे तेथे बाहेरचा घोडा आलेला नाही. कायद्यानेच बंदी आहे. एवढेच नव्हे, तर एकदा बेटाबाहेर गेलेला घोडा, मग तो कितीही नामांकित असो, परत आणता येत नाही. परदेशात वापरलेले खोगीर, लगाम, चामडी हातमोजेसुद्धा नेता येत नाहीत. शतकानुशतके बाहेरच्या रोगांशी संबंधच न आल्यामुळे तेथील घोड्यांना साथींपासून जपावे लागते, आणि त्या दृष्टीने ही कडक शिस्त योग्यच म्हटली पाहिजे. हा घोडा उंचीने लहान, अंगावर दाट केसांचा आणि स्वभावाने शांत असतो. चालणे, दुडकी आणि चौखूर धाव यांखेरीज त्याला ‘टोल्ट’ नावाची चाल येते, जिच्यात स्वाराला जवळजवळ हिसका बसत नाही. मारवाडी घोड्याची रेवाल चाल ज्यांनी पाहिली असेल त्यांना याची कल्पना सहज येईल. या चालीमुळेच जर्मनी, स्वित्झर्लंड, स्वीडन, डेन्मार्क या देशांत त्याला मोठी मागणी आहे. दरवर्षी हजाराहून अधिक घोडे विमानाने, बहुधा बेल्जियममधील लिएज येथे उतरून, युरोप खंडात जातात.

आणि तेथे त्यांची गाठ एका माशीशी पडते. तिचे शास्त्रीय नाव क्युलिकॉइडिस. आकाराने एक ते तीन मिलिमीटर, म्हणजे चिलटाएवढी. मादीच तेवढी रक्त पिते. पहाटे आणि सायंकाळी, उबदार, दमट व वारा पडलेल्या हवेत ती झुंडीने निघते. ओली माती, दलदलीचे काठ, साचलेले शेण ही तिची जन्मस्थाने. भारतातही या माशीच्या अनेक जाती आहेत. मेंढ्यांचा ब्लूटंग रोग तीच पसरवते, हे धनगर बांधवांना व पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे. घोड्याच्या या विकारात मात्र ती रोगाचा जंतू आणत नाही. तिच्या लाळेतील काही प्रथिनांचे घोड्याच्या शरीराला वावडे असते. शरीर त्यांच्याविरुद्ध अवाजवी प्रतिकार उभा करते, आणि त्या प्रतिकाराचीच खाज होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात रीक या संशोधकाने १९५० च्या दशकात हा संबंध प्रयोगांनी दाखवून दिला.

युरोपात जन्मलेल्या शिंगराला ही माशी पहिल्या उन्हाळ्यापासूनच चावते. त्याचे शरीर तिची लाळ लहानपणीच ओळखू लागते आणि बहुतेक वेळा तिच्याशी जुळवून घेते. आइसलँडमध्ये वाढलेल्या घोड्याला ती ओळख कधी झालेलीच नसते. म्हणून एकाच वंशाच्या घोड्यांत विलक्षण फरक दिसतो. युरोपात जन्मलेल्या आइसलँडी घोड्यांपैकी दहातल्या एकालाही क्वचितच हा विकार होतो. उलट मोठेपणी आइसलँडहून आणलेले घोडे माशीच्या प्रदेशात संरक्षणाविना ठेवले, तर दोन-तीन वर्षांत निम्म्याहून अधिकांना तो जडतो. काही कुळांत ही प्रवृत्ती अधिक आढळते, म्हणून आनुवंशिकतेचाही वाटा त्यात आहे.

येथे व्यापाराचा प्रश्न उभा राहतो, आणि या सभेत त्याचा उच्चार केला पाहिजे. लक्षणे बहुधा पहिल्या उन्हाळ्यात दिसत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात दिसतात. तोवर सौदा पूर्ण झालेला, पैसे चुकते झालेले, आणि परत पाठवण्याचा मार्ग तर कायद्यानेच बंद. विक्रेत्याने दिलेला घोडा त्या दिवशी निरोगी होता, हे अक्षरशः खरे असते. पण दलदलीकाठच्या कुरणावर त्याचे पुढे काय होण्याचा संभव आहे, हे जाणणारा विक्रेता ते न सांगता व्यवहार करील, तर त्याला खरा माल दिला असे म्हणता येईल काय? कापडाच्या पेढीवर रंग उतरणारे वाण गिऱ्हाइकाला सांगूनच द्यावे लागते, आणि कापडाला तर वेदनाही नसते. सचोटीचे व्यापारी आज गिऱ्हाइकाचे कुरण कोठे आहे ते आधी विचारतात. समुद्रकाठी किंवा वाऱ्याच्या टेकडीवर असेल तर घोडा देतात; ओढ्याकाठच्या झाडीत असेल तर युरोपातच जन्मलेला घोडा घ्या, असे सुचवतात. हीच रीत सर्वत्र रूढ व्हावयास हवी.

आता उपायांकडे वळू. रोग जडल्यानंतर तो मुळासकट जात नाही. माशीचा दंश टाळणे हाच खरा उपाय. सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या सुमारास घोडा तबेल्यात ठेवावा. कुरण पाण्यापासून दूर, उघड्यावर असावे. ही माशी उडण्यात फार दुबळी असते. मंद झुळकीपेक्षा जोराचा वारा सुटला की तिला तग धरता येत नाही. म्हणून तबेल्यात मोठा पंखा लावणे हा साधा पण फार गुणकारी उपाय ठरतो. शेण रोज उचलावे, साचलेल्या पाण्याला वाट करून द्यावी.

परंतु या सर्वांत अधिक भरवशाची ठरली आहे ती झूल. झूल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोळ्याच्या बैलाची किंवा मिरवणुकीतल्या घोड्याची भरजरी झूल येते. ही झूल निराळी. ती शोभेसाठी नाही, चिलखत म्हणून आहे. कानांच्या मागून सुरू होऊन मान, पाठ, कुशी, पोटाखालची मधली रेषा आणि शेपटीचा बुंधा एवढे सर्व ती झाकते. पोटाखालचा पट्टा विसरता कामा नये, कारण तेथील कातडी मऊ व केस विरळ, म्हणून माशीला ते ठिकाण विशेष आवडते. स्वीडनमध्ये अशा झुली प्रथम लोकप्रिय झाल्या आणि आता युरोपभर मिळतात.

कापड कसे असावे, हा प्रश्न महत्त्वाचा. नेहमीची मच्छरदाणी येथे निरुपयोगी आहे. तिच्या छिद्रांतून ही माशी सहज आत जाते. वीण इतकी घट्ट हवी की एक मिलिमीटरची माशी शिरू नये आणि तिची सोंडही कापडातून कातडीपर्यंत पोहोचू नये; त्याच वेळी हवा खेळती राहावी, नाहीतर भर उन्हाळ्यात घामाने दुसराच त्वचारोग व्हायचा. सूत चिवट पाहिजे, कारण घोडा काट्याकुंपणाला अंग घासणारच. रंग फिका असावा. तो उन्हात तापत नाही. शिलाई सपाट हवी, खांद्यावर व आयाळीवर शिवण रुतता कामा नये. कडांना लवचीक पट्टी हवी, कारण एका सैल कडेतून दहा माश्या आत शिरल्या तर झूल असून नसल्यासारखी. एक झूल धुण्यास टाकलेली असताना दुसरी घालता यावी म्हणून दोन ठेवाव्यात. फाटलेली झूल त्याच दिवशी शिवून घ्यावी. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, झूल वसंत ऋतूत पहिली माशी दिसण्यापूर्वी चढवावी. उत्तर युरोपात साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत. खाज सुरू झाल्यावर चढवलेली झूल घोडा घासून घासून फाडून टाकतो.

झुलीचे दोषही सांगितले पाहिजेत. घोडे परस्परांची मान व पाठ दातांनी खाजवून मैत्री करतात. झुलीमुळे तो व्यवहार अडतो. मालकाला रोज ती काढून अंग तपासावे लागते. तरीही तिच्यासारखा उपाय नाही, कारण तिच्यात घोड्याचेही रक्षण आहे आणि माशीचीही हत्या नाही. पर्मेथ्रिनसारखी रसायने माशीला दूर ठेवतात व मारतातही. पण मासे, मधमाश्या आणि मांजरे यांनाही ती घातक आहेत. जे काम वस्त्राने होते ते विषाकडे का सोपवावे?

मोठ्या गोमाश्या मात्र दिवसाढवळ्या, भर उन्हात चावतात. त्यांच्याबाबत इंग्लंडमध्ये २०१९ साली एक मनोरंजक प्रयोग प्रसिद्ध झाला. घोड्यांना झेब्र्यासारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची वस्त्रे घातली, तेव्हा त्यांच्या अंगावर गोमाश्या फारच कमी उतरल्या. माशी जवळ येई, पण पट्ट्यांमुळे तिचा अंदाज चुके. केवळ छापील नक्षीने एवढे साधावे याचे नवल वाटते.

घरगुती उपायांत लसूण चारण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत फार आहे. लसणाचा वास माशीला नको असतो अशी समजूत. येथील श्रोत्यांना लसूण वेगळ्या कारणाने वर्ज्य आहे; घोड्यालाही तो वर्ज्यच बरा. कॅनडातील एका अभ्यासात, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, अधिक प्रमाणात लसूण खाल्लेल्या घोड्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटून त्यांना पंडुरोग झाल्याचे दिसले. स्टेरॉइडने खाज थांबते, पण खुरांचा दाहक व वेदनामय विकार उद्भवण्याचा धोका असतो, म्हणून ते पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि थोडे दिवसच द्यावे.

लसीचे प्रयत्नही चालू आहेत. झुरिचमधील संशोधकांनी २०१८ साली ३४ आइसलँडी घोड्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. लस दिलेल्या घोड्यांपैकी ४७ टक्के घोड्यांच्या जखमा निम्म्याने वा त्याहून अधिक कमी झाल्या. लस न दिलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. आइसलँडमधील केल्दूर ही संस्था आणि स्वित्झर्लंडचे बर्न विद्यापीठ वेगळ्या दिशेने, म्हणजे घोडा देश सोडण्यापूर्वीच त्याच्या शरीराला लाळेतील प्रथिनांची ओळख करून देण्याच्या दिशेने, कित्येक वर्षे संशोधन करीत आहेत. तोवर झूल आहेच.

दरम्यान खुद्द आइसलँडही बदलत आहे. या माशीची एक जात तेथे २०१५ साली राजधानीच्या उत्तरेकडील हवालफ्योर्दूर परिसरात माणसांना चावू लागली आणि नंतरच्या वर्षांत इतरत्र पसरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर त्या बेटावर निसर्गात प्रथमच डास सापडले, मोजून तीन. बाहेर गेलेला घोडा परत न घेण्याचा नियम मात्र पूर्वीइतकाच कडक आहे.